बस्त्यावकाकांचा उजवा पाय

चर्चमधले किस्से मेणबत्त्यांच्या स्टँडखालच्या मेणासारखे साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. रोज थेंब थेंब पडत राहतं आणि एक दिवस सुरी घेऊन खरवडायला बसलं की कळतं, अरे, केवढा गोळा झालाय!

मी तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे घरीही रोज एक पान डायरी लिहितो. हसण्यासारखं काही घडलं तर निळ्या शाईने, दुःखाचं असेल तर काळ्या. गेल्या वर्षीच्या उपवासकाळात मात्र हा नियम मोडला. एकाच वाक्यात दोनदा पेन बदलायची वेळ यायला लागली. शेवटी सगळं पेन्सिलीने लिहिलं.

उपवासकाळ म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे आमचे चाळीस दिवस. मटण-चिकन बंद, लग्नं बंद, वेदीवर फुलं नाहीत. सानपाड्यात आमच्या आसपासच्या सोसायट्यांतली अकरा कॅथलिक घरं मिळून पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या कक्षेतल्या वस्तीचा, एक गट होतो. त्या गटातले सगळ्यात जुने बस्त्यावकाका. मूळचे वसईचे, वय अडुसष्ट, धंद्याने टेलर. तळमजल्यावरच्या घराच्या गॅलरीत त्यांची पायाची मशीन. वेदीवरचं कापड, फादरांचे मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे झगे, सगळं त्या मशीनवर शिवलेलं. आग्नेसकाकी कधीपासून मागे लागल्या होत्या, मोटर बसवून घ्या म्हणून. काका म्हणायचे, "मोटर कापडाचं ऐकत नाही. पाय ऐकतो."

राखेच्या बुधवारी काका उजव्या पायाला बँडेज बांधून आले. डायबेटिस वीस वर्षांचा. करंगळी काळी पडली होती.

*

राख लावताना फादर प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि आठवण करून देतात, की तू मातीचा आहेस आणि मातीतच जाणार आहेस. रांगेत मी काकांच्या मागेच होतो. फादरांनी अंगठा टेकवला, ठरलेले शब्द उच्चारले.

काकांनी पायाकडे बोट दाखवलं. "फादर, माझी सुरुवात झालीय. खालून!"

फादर रेमंड सत्तरीचे, मंगळूरकडचे. चाळीस वर्षांत त्यांना राख लावताना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या कपाळावरचा क्रूस वाकडा आला.

प्रवचनातही त्यांनी त्या दिवशी वेगळंच काढलं. म्हणाले, "उपवास करणाऱ्याचं तोंड बघून शेजाऱ्याला वाटायला नको, की यांच्या घरचा गॅस संपलाय. या वर्षी काय काय सोडलं ते मला सांगू नका. दर शुक्रवारी प्रत्येक गटाने जमायचं आणि प्रत्येकाने आठवड्यातला एक आनंद सांगायचा. आणि कुणीतरी तो वहीत लिहायचा."

आमच्या गटातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं!

*

पुढच्या आठवड्यातला, गटाचा पहिला शुक्रवार. काकांना चालायला नको म्हणून त्यांच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमलो. उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही क्रूसाची वाट करतो, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा चित्रं, एकेका चित्रापाशी थांबून प्रार्थना. चौदा खांबांवर चौदा चित्रं चिकटवली. एक खांब एका स्कूटरमागे होता. तिथे गुडघे टेकताना माझ्या बायकोच्या साडीला ग्रीस लागलं.

मग खुर्च्या मांडून बसलो. मी वही उघडली. आनंद सांगा!

कुणी बोलेना. दुःख विचारलं असतं तर दोन पानं भरली असती. ग्लॅडिस टीचर शाळेत तीस वर्षं हजेरी घेतलेल्या. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं, "अरे बाबा, मला आता काही आठवत नाय. नेक्स्ट वीक डबल सांगते, तू ब्लँक सोड."

बस्त्यावकाका म्हणाले, "माझा लिही. मंगळवारी करंगळी काढली. डॉक्टर म्हणाला, बाकीची चार बोटं एकदम फर्स्ट क्लास आहेत. माझ्या बोटांचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं."

सगळे हसले. आग्नेसकाकी हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल काढून काकांच्या बँडेजवर बसलेली माशी हाकलली.

*

सोसायटीचे चेअरमन म्हात्रेशेठ. सानपाडा गावचेच, एके काळी जिथे त्यांच्या आजोबांची मिठागरं होती तिथे आता त्यांचे स्वतःचे दोन गाळे. माणूस दिलदार, पार्किंगसाठी परवानगी मागितली तर पंखाही लावून दिला. पण आम्ही कसली प्रार्थना करतो ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारी आमची प्रार्थना संपता संपता ते पांढरा शर्ट घालून खाली आले. हात जोडून बाजूला उभे राहिले. खालच्या आवाजात मला म्हणाले, "गेल्या शुक्रवारी बी तुमी असंच रडक्या आवाजात गात होतात. आज बी. मला राहावला नाय. कोन गेला वो?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे विचारलं, "तुमच्यात दर शुक्रवारी कोन ना कोन जातोच का?"

काका खुर्चीतून म्हणाले, "एकच जातो, शेठ. दर शुक्रवारी तोच."

म्हात्रेशेठ एक मिनिट चौदाव्या खांबावरच्या, येशूला कबरीत ठेवतानाच्या चित्राकडे बघत राहिले. मग गेले. पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडून प्रत्येक खांबाखाली एकेक चटई अंथरलेली होती.

*

फादरांनी विचारू नका म्हटलं तरी कोण काय सोडतं याची चर्चा होतेच. काका दर उपवासकाळात साखर सोडायचे. चाळीस दिवस बिनसाखरेचा चहा, एक दिवसही चुकायचे नाहीत. पॅरिशमध्ये त्यांचं उदाहरण द्यायचे.

त्या वर्षी डॉक्टरांनीच साखर पूर्ण बंद केली. काका तक्रार घेऊन फादरांकडे गेले. "फादर, जे डॉक्टरने हिसकावलं ते मी देवाला कसं देणार? मला दुसरं काहीतरी सांगा."

फादर म्हणाले, "आपल्या तब्येतीवरचे विनोद सोड."

काकांनी विचार केला. "फादर, साखरच बरी होती!"

हा किस्सा मी वहीत लिहिला आणि आग्नेसकाकींना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस दिवस सोडायचे, खरं आहे. आणि ईस्टरच्या सकाळी? मार्झिपानची गोड अंडी, केक, लाडू. दुपारपर्यंत डबा साफ. मी हसायचे रे. एवढ्या दिवसांनी बघ, माणूस किती खूश आहे म्हणून हसायचे."

मग ताटलीतले खडे वेचून बाजूला ठेवले. ते खिडकीबाहेर टाकायचंही त्यांना भान राहिलं नाही.

*

आता पवित्र गुरुवारचं सांगतो. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. बारा गटांतून बारा माणसं बसतात आणि फादर गुडघे टेकून प्रत्येकाचा एकेक पाय धुतात. आमच्या पॅरिशमध्ये उजवा. बसायला कुणी सहसा तयार नसतं. फादरांना पाय कसा दाखवायचा! म्हणून आमच्या गटाचे बस्त्यावकाका वर्षानुवर्षं चौथ्या खुर्चीवर.

फादर पाय धुणार म्हणून सगळे घरून पाय धुऊन येतात, ही वेगळीच गंमत. काही जण तर पार्लरमध्ये जाऊन येतात. बायकांनाही बसायला मिळायला लागलं तेव्हा पहिल्या वर्षी दुसऱ्या गटाकडून ग्लॅडिस टीचर बसल्या. तेव्हा त्यांचं घर तिकडे होतं. उजव्या पायाला दगडाने घासून, क्रीम लावून, नखं कापून अगदी आरसा केला होता. नेमके त्या वर्षी आमचे फादर आजारी होते आणि पाहुणे फादर आले. त्यांनी डावा पाय मागितला!

टीचर सांगतात, "मी बोलले, फादर, हा नाय, तो घ्या ना. ते बोलले, मुली, जो आहे तो दे."

गेल्या वर्षी तिसऱ्या आठवड्यात काकांच्या पायाचा काळा रंग घोट्याच्या वर सरकला. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढायचा निर्णय सांगितला, तेव्हा मी सोबत होतो. काकांनी खिशातून चर्चचं कॅलेंडर काढलं, एका गुरुवारवर बोट ठेवलं.

"डॉक्टर, एवढ्या दिवसांनंतर काढा. तोवर मी हा जपतो. हलवणारसुद्धा नाही."

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "काका, तोपर्यंत थांबलो तर विष सगळ्या अंगात भिनेल. पाय जपू की तुम्हाला?"

काकांनी आग्नेसकाकींकडे पाहिलं. काकींनी पुढे होऊन फॉर्मवर सही केली.

काका तेव्हा एकच वाक्य बोलले. "मशीन कोण चालवणार?"

या वाक्यानंतर डायरीत त्या दिवशी काहीच नाही. पान अर्धं कोरं आहे.

*

शुक्रवारी ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, "पायाचं काय करायचं?"

आमच्यात शरीराचा कापलेला भाग कचऱ्यात जाऊ देत नाहीत, मातीत पुरतात. अर्ज लिहिला, चिठ्ठी घेतली, फादरांचा फोन कब्रस्तानात गेला आणि मी एक लांबट खोका मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, "नाजूक सामान आहे का?" मी हो म्हणालो. त्याने प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षा हळू घेतली.

कब्रस्तानातले नामदेव खड्डे खणतात आणि रजिस्टरही तेच भरतात. चष्मा लावून बसले.

"नाव?"

"बस्त्याव."

"वय?"

"अडुसष्ट."

"कधी वारले?"

"वारले नाहीत."

नामदेवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"पाय आहे," मी म्हणालो.

"मग बाकीचे?"

"हॉस्पिटलमध्ये. आत्ताच उपमा खाल्ला त्यांनी."

नामदेवांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, या जागेत माझी उमर गेली. असा थोडा थोडा येणारा माणूस पहिलाच बघितला!"

खड्डा मात्र त्यांनी जरुरीपेक्षा खोल खणला. कुत्री उकरतात म्हणाले. माती ओढून झाल्यावर आपल्या अनवाणी पायांनी ती दाबायला गेले आणि मध्येच थांबले. मग वाकून हातांनी दाबली.

*

दुसऱ्या दिवशी आनंदाचा रविवार होता. उपवासकाळाच्या मध्यावर हा एकच रविवार असा, की जांभळ्याऐवजी फादर गुलाबी झगा घालतात, वेदीवर फुलं ठेवतात. अर्धी वाट संपली, जरा हसा, असं सांगणारा दिवस. गुलाबी झगा अर्थातच काकांनी शिवलेला.

मिस्सा संपल्यावर तासाभरात फादर हॉस्पिटलमध्ये हजर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून तो झगा काढून त्यांनी काकांच्या पलंगावर ठेवला.

"बस्त्याव, मिस्साच्या मध्येच खालची पट्टी उसवली. मी अडखळून पडणार होतो. बघ जरा."

आग्नेसकाकी एरवी फादरांपुढे डोक्यावरचा पदर सरकू देत नाहीत. त्या दिवशी ताडकन उठल्या. "फादर, परवा माणसाचा पाय गेलाय! एक सेफ्टी पिन मिळाली नाही तुम्हाला अख्ख्या नवी मुंबईत?"

काका दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली. पट्टी बोटांत घेतली. म्हणाले, "सुई दे."

टेलरची बायको, पर्समध्ये सुई-दोरा असणारच. काका उशीला टेकून बसले आणि हाताने तुरपाई घालायला लागले. बारीक, एकसारखी. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने विचारलं, "मामा, मुलीच्या लग्नाचा ड्रेस का?"

काका म्हणाले, "नाही, या म्हाताऱ्याचा."

अख्खा वॉर्ड हसला. नर्स आली आणि तीही बघत उभी राहिली.

शेवटचा टाका घालून काकांनी दोरा दाताने तोडला, पट्टी उलटीसुलटी केली आणि चष्मा वर केला. "फादर, झिजून उसवलं की दोऱ्याची टोकं केसाळ होतात. ही सरळ आहेत. कुणीतरी ब्लेड लावलंय."

फादर झग्याची घडी घालत होते. म्हणाले, "आनंदाच्या रविवारी फार चौकशा करू नयेत."

*

घरी आल्यावर मात्र काका बदलले. मशीनवर चादर टाकायला लावली. आणि पाय दुखायला लागला. उजवा. जो नव्हता तो!

डॉक्टर म्हणाले, असं होतं, नसांना अजून कळलेलं नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, आग थांबायची नाही. तळव्याला निखारे लावल्यासारखी आग, दिवसभर.

मी भेटायला गेलो तेव्हा कब्रस्तानातला किस्सा सांगितला. वाटलं, हा ऐकून तरी हसतील. नामदेवांच्या वाक्यापर्यंत आलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबलो.

काकांनी विचारलं, "सरळ ठेवलास ना रे?"

"काय?"

"पाय. खोक्यात सरळ होता ना? मला तो वाकडा झाल्यासारखा वाटतो."

मी म्हणालो, "सरळ होता, काका."

खोका मी उघडलाच नव्हता.

निघताना आग्नेसकाकी दाराबाहेरपर्यंत आल्या. म्हणाल्या, "मला म्हणतात, थंड पाणी लाव. मी टॉवेल ओला करून आणते. गुडघ्याखाली लावते, तर म्हणतात, इथे नाही गं, खाली. मग मी ओला टॉवेल हातात घेऊन उभी राहते. ठेवू कुठे?"

त्या शुक्रवारी काका पार्किंगमध्ये आले नाहीत. मी वही घेऊन त्यांच्या पलंगाशी गेलो. ते म्हणाले, "लिही, काही नाही."

मी लिहिलं, "काही नाही."

"आणि फादरांना सांग, गुरुवारी चौथ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवा. बाराच्या ठिकाणी साडेअकरा कशाला?"

विनोद होता, पण हसायचं की नाही ते कळेना. ते स्वतः भिंतीकडे वळले होते.

मी निरोप दिला, आगीचं आणि काकींच्या ओल्या टॉवेलचंही सांगितलं. फादर म्हणाले, "खुर्ची तिथेच राहील." एवढंच. दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनी विचारलं नाही.

*

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारच्या आधी आम्ही चर्चमधले सगळे पुतळे जांभळ्या कापडाने झाकतो. ईस्टरपर्यंत संतांचं दर्शन बंद. प्रत्येक पुतळ्याचं कव्हर काकांनी मापाने शिवलेलं, आतून खडूने खुणा. घालायचं कामही तेच करायचे. त्या वर्षी ते काम बायकांनी केलं आणि तेव्हा कळलं, की धुण्यात खडूच्या खुणा गेल्यात. एवढ्या वर्षांत कुठलं कव्हर कुणाचं हे काकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं!

संत जोसेफचं कव्हर संत अँथनीला गेलं. अँथनीच्या हातात बाळ येशू असतो. कापड काही केल्या पुरेना. शेवटी अँथनी झाकला गेला आणि बाळाचं डोकं बाजूने बाहेर राहिलं. रविवारी तिन्ही मिस्सांना अख्खं चर्च पाद्र्याकडे न बघता त्या डोक्याकडे बघत होतं. पहिल्या बाकावरच्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, गुदमरला असेल, म्हणून ठेवलाय बाहेर!"

ग्लॅडिस टीचर मिस्सानंतर तडक काकांच्या घरी. मोबाईलवर फोटो काढून आणला होता. "बघा तुमचा कारभार! मला तर हसून हसून सॉरीची प्रार्थना करायला लागली."

काकांनी फोटो हातात घेतला. बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला.

"गाढवांनो," ते म्हणाले, "अँथनीच्या कव्हरला डाव्या बाजूला मी मुद्दाम जादा कापडाची कळी टाकलीय. बाळासाठी! हात घालून बघितलं असतं तर लागली असती. मी एक वर्ष पडलो तर तुम्हाला संतांना कपडे घालता येत नाहीत?"

टीचर म्हणाल्या, "नाय येत. काय करणार?"

दुपारी काकांनी आग्नेसकाकींकडून आपली काळी पँट मागून घेतली. उजवा पाय गुडघ्याखाली दुमडला, खडूने रेघ मारली आणि हाताने तुरपाई घातली. काकी बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही. काकांनीच सांगितलं, "गुरुवारी फादरांपुढे बसायचं म्हणजे पँट तरी धड हवी."

"आग?" काकींनी विचारलं.

"आहे ना. ती पण येईल माझ्याबरोबर."

*

पवित्र गुरुवारची संध्याकाळ. अकरा खुर्च्या आणि चौथ्या जागी व्हीलचेअर. म्हात्रेशेठनी ती स्वतः आपल्या गाडीतून आणली होती आणि आता मागच्या दाराशी चपला काढून उभे होते. टीचरच्या हातात टॉवेल, माझ्या हातात पाण्याचं घमेलं, फादरांच्या हातात तांब्या. फादर एकेका माणसासमोर गुडघ्यावर बसायचे, उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायचे. पहिला पाय, दुसरा, तिसरा. सगळे उजवे, सगळे घरून घासून आलेले.

चौथ्या जागी आलो. काकांनी डाव्या पायातला बूट-मोजा आधीच काढून ठेवला होता. नखं कापलेली. कपाळावर घाम, दोन्ही हातांनी व्हीलचेअरचे दांडे घट्ट धरलेले. आग चालू होती हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. मी घमेलं त्यांच्या डाव्या पायाखाली सरकवलं.

फादर गुडघ्यावर बसले. मान खाली. त्यांनी घमेल्याची कड धरली आणि ते काकांच्या उजव्या बाजूला ओढलं. शिवलेल्या पँटखाली, जिथे फक्त फरशी होती तिथे.

मी म्हणालो, "फादर..." टीचरने माझा हात दाबला.

फादरांनी डावा हात पुढे केला, टाच तळहातावर घ्यावी तसा. आणि तांब्या तिरका केला.

मध्ये काहीच नसल्यामुळे पाणी उंचावरून सरळ घमेल्यात पडायला लागलं. गायन थांबलं. सगळ्या चर्चमध्ये तेवढाच आवाज. दुसऱ्या रांगेत आग्नेसकाकी उठून उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी डोळे मिटले. दांड्यांवरची त्यांची बोटं एकेक करून सैल झाली.

"अजून थोडं, फादर," ते म्हणाले. "टाचेवर. हां, तिथेच."